गुणदानाचे नियम सत्र सुरू होण्याआधीच कसे ठरवावेत

राज्यात इतरत्र शाळा जूनच्या मध्याला उघडतात, नागपुरात उन्हामुळे जूनअखेर उजाडतं. वर्गाचे गुणदानाचे नियम लिहून काढायला हे दिवस उत्तम. पेपर हातात आल्यावर ठरवलेला नियम नियम उरत नाही. वहीवरचं नाव दिसलं की कुणासाठी हात सैल सुटतो आणि कुणासाठी आखडतो. सगळं एका पानात मावेल एवढंच लिहा. त्याहून मोठं पालक वाचत नाहीत.

आधी चौकट पाहा. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिक (सत्रभर वर्गात चालणारं) आणि संकलित (सत्राअखेरच्या परीक्षेचं) यांचं प्रमाण इयत्तेनुसार ठरलेलं आहे: पहिली-दुसरीला ७०:३०, तिसरी-चौथीला ६०:४०, पाचवी-सहावीला ५०:५०, सातवी-आठवीला ४०:६०. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा सुरू झाली आहे. त्यामुळे त्यांच्या दुसऱ्या सत्राचं परिपत्रक मुख्याध्यापकांकडून वेगळं मागून घ्या. या चौकटीत फेरफार करता येत नाही. आकारिकचे गुण कशाकशाला द्यायचे, हे मात्र बरंचसं शिक्षकाच्या हातात असतं आणि अन्याय होतो तोही बहुधा इथेच.

सातवीच्या विज्ञानाचे ४० गुण असे वाटता येतील: प्रयोग १०, छोटी लेखी चाचणी १०, स्वाध्याय १०, तोंडी काम ५, प्रकल्प ५. वाटणी करताना प्रत्येक साधनापुढे एक ओळ लिहा: यातून मूल नेमकं काय शिकलं हे दिसतं? ती ओळ सुचत नसेल तर ते साधन काढून टाका. वहीला कव्हर, गणवेश, शिस्त, वेळेवर येणं यांचे गुण विषयात मिसळू नका. वर्णनात्मक नोंदी, म्हणजे प्रगतिपत्रकात शब्दांत लिहायचे शेरे, त्यासाठीच आहेत. बडबड्या पण हुशार मुलाला विज्ञानात ब-२ श्रेणी मिळाली, तर पालकांना वाटणार की त्याला विज्ञान जमत नाही. खरी अडचण त्यांच्यापर्यंत पोहोचणारच नाही.

सर्वांत जास्त घोळ प्रकल्पात होतो. तान्हा पोळा (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा मुलांचा सण) जवळ आला की बऱ्याच शाळांत नंदीबैल करायला सांगतात. एक मूल बाजारातला रंगवलेला लाकडी नंदी घेऊन येतं, दुसरं मातीचा, एका बाजूला कललेला, बोटांचे ठसे तसेच राहिलेला नंदी आणतं. नियम नसेल तर पहिल्याला ५ आणि दुसऱ्याला ३ गुण मिळतात, म्हणजे ते पालकांच्या खिशाला मिळतात. त्यापेक्षा काम दोन तासिकांत वर्गातच करून घ्या, माती शाळेची द्या आणि ५ गुण असे फोडा: बैलाचे अवयव आणि साजाची नावं लिहिलेली नोंद २, कसा केला आणि काय अडलं हे तोंडी सांगणं २, प्रत्यक्ष वस्तू १. गटप्रकल्प असेल तर प्रत्येकाला दोन मिनिटं एकट्याला विचारा. एकाने राबायचं आणि चौघांनी गुण घ्यायचे, हा प्रकार तिथेच थांबतो.

लेखी उत्तरांसाठी गुणांची फोड आधीच लिहून ठेवा. ५ गुणांच्या प्रयोगाला निरीक्षण २, आकृती १, कारण २. इथे भाषेचा प्रश्न नागपुरात हमखास येतो. बाष्पीभवनाच्या उत्तरात मुलाने ‘पाणी गरम झालं का वाफ होऊन उडून रायते’ असं लिहिलं, तर विज्ञानात पूर्ण गुण द्या, कारण संकल्पना बरोबर आहे. मराठीच्या पेपरात प्रमाण लेखनाचे गुण आधी जाहीर केले असतील तर तेवढेच कापा, आशयाच्या गुणांना हात लावू नका. घरी हिंदी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलांनाही हाच नियम. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना जादा वेळ आणि लेखनिक यांसारख्या मिळणाऱ्या सवलती त्याच पानावर नोंदवा, म्हणजे ऐनवेळी कुणाला मागत बसावं लागत नाही.

फोड जमली का, हे तपासायची सोपी रीत आहे. तीन उत्तरं आणि फोडीचा कागद शेजारच्या तुकडीच्या बाईंना किंवा सरांना द्या, आपले गुण सांगू नका. १० पैकी एकापेक्षा जास्त गुणांचा फरक पडला तर फोड धूसर आहे असं समजा.

तपासताना एक अख्खा पेपर संपवून दुसरा उचलू नका. सगळ्यांचा प्रश्न १ तपासा, मग गठ्ठा खालीवर करून प्रश्न २ घ्या. नावाचं पान उलटं दुमडा. शेवटी पहिले पाच पेपर पुन्हा पाहा; सुरुवातीला बहुतेकांचा हात कडक असतो.

आता शून्याकडे वळू. चार स्वाध्यायांत ८, ९, ८ आणि आजारपणात बुडालेला एक. तिथे ० मांडला तर सरासरी ६.२५ येते, तो वगळला तर ८.३३. काम न येणं आणि काम चुकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून नोंदवहीत ‘गै’ (गैरहजर) लिहा, भरून द्यायला परतल्यापासून सात दिवस द्या, आणि तरीही काम आलं नाही तरच ०. उशिराची कपात ठेवायचीच असेल तर १० पैकी १ गुणावर थांबा. रोज एक-एक गुण कापत गेलं की चौथ्या दिवशी मूल म्हणतं, आता देऊन तरी काय फायदा.

श्रेणीच्या सीमेवरची भांडणं आधीच मिटवा. ७१ ते ८० ब-१ आणि ८१ ते ९० अ-२; मग ८०.५ आले तर? पूर्णांक फक्त शेवटच्या बेरजेत करा, अर्धा आणि त्यावर वर, आणि हा नियम सगळ्यांना सारखा. मधल्या प्रत्येक टप्प्यावर पूर्णांक करत गेलात तर एखाद्याचे दोन गुण कुठे वाढले किंवा गळाले, ते तुम्हालाही सांगता येणार नाही.

हे पान पहिल्या पालकसभेत वाचून दाखवा आणि मुलांच्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. तक्रारीला मुदत ठेवा: पेपर हातात मिळाल्यापासून आठ दिवस, आणि कुठल्या प्रश्नात, का, हे मुलाने स्वतः दोन ओळींत लिहून द्यायचं. फेरतपासणीत गुण वाढले तर त्याच प्रश्नाचे सगळे पेपर पुन्हा काढा. एकाच्या बाबतीत हुकलेली फोड बहुधा आणखी चार-पाच जणांच्या बाबतीत हुकलेली असते आणि ते विचारायला येत नाहीत. सत्राच्या मध्येच एखादा नियम चुकीचा निघाला, तर तो मुलांच्या बाजूने असेल तरच लगेच बदला. गुण कमी करणारा बदल दिवाळीनंतरच्या सत्रापासून.