पीसीएम बसवलं तरी खोली तापतेच? या चुका झाल्यात का बघा

थंडीत खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवणाऱ्या घरात पीसीएम (फेज चेंज मटेरियल, म्हणजे वितळता-गोठताना उष्णता साठवणारा-सोडणारा पदार्थ) म्हणजे काय हे वेगळं समजावून सांगायला नको. खोबरेल साधारण २४ अंशांना वितळतं. वितळताना ते उष्णता गिळत राहतं, पण त्याचं स्वतःचं तापमान तेवढा वेळ फारसं चढत नाही. शाळेत ‘अप्रकट उष्मा’ म्हणून घोकलेलं प्रकरण हेच. इमारतीत खोबरेलाऐवजी पॅराफिन मेण किंवा पाणी धरून ठेवणारे क्षार पाउचमध्ये भरून छताखाली, भिंतीत बसवतात. दिवसा वितळायचं, रात्री गोठायचं. बहुतेक तक्रारींचं मूळ या रात्रपाळीत असतं.

माझीच फजिती सांगतो. पुण्यात आमचा फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर. २९ अंशांना वितळणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडचे पाउच मी फॉल्स सीलिंगच्या वर, स्लॅबला अगदी चिकटवून बसवले. दोन दिवस खोली छान राहिली, तिसऱ्या दिवसापासून पुन्हा भट्टी. शेवटी पहाटे साडेपाचला स्टुलावर चढून पाउच दाबून बघितला, तर आत सगळं डुचमळतंय. गॅलरीतला थर्मामीटर २१ दाखवत होता. मग स्लॅबला हात लावला. कोमट! दिवसभर तापलेलं काँक्रीट रात्रभर ती उष्णता खाली सोडत होतं आणि पाउच तिच्या तोंडाशीच होते. गोठणार कसे?

पाउच आणि स्लॅब यांच्यामध्ये इन्सुलेशन हवं, आणि रात्रीची हवा पाउचवरून खेळायला हवी. बंद फॉल्स सीलिंगच्या पोकळीत ती शिरतच नाही. मी दोन बाजूंना हवेसाठी जाळ्या बसवल्या आणि रात्री एक्झॉस्ट लावला. त्याआधी गच्चीला पांढरा कोट दिला असता तर निम्मं दुखणं तिथेच गेलं असतं. पीसीएम म्हणजे इन्सुलेशन नव्हे, सावली तर नव्हेच.

दुसरी चूक गाव न बघता माल घेण्याची. पुण्यात एप्रिलच्या पहाटे पारा २०-२२ पर्यंत उतरतो, त्यामुळे २९ चा क्षार आरामात गोठतो. मुंबईत मे महिन्यात रात्रीही तो २७च्या आसपास असतो. तिथे २६ चं मेण उन्हाळाभर तेलच राहणार. नागपूरकरांनी तर मे महिन्यात नुसत्या रात्रीच्या वाऱ्यावर भिस्त ठेवू नये. याची उलटी चूक ऑफिसांमध्ये दिसते. एसी दिवसभर २४ वर आणि छतात २९ चा क्षार. तो वितळतच नाही, म्हणजे नुसतं ओझं.

प्रमाणाचा हिशोब कागदावर एकदा मांडाच. दीड टनी एसी पूर्ण क्षमतेने तासाभरात साधारण १९,००० किलोज्यूल उष्णता बाहेर काढतो. किलोला १९० किलोज्यूल साठवणारा क्षार घेतला तर तेवढ्यासाठी १०० किलो लागतो, तोही फक्त एका तासासाठी! दहा-बारा पाउचमध्ये एसी बंद होईल असं कुणी सांगत असेल तर त्याला हा आकडा दाखवा.

जाड पाउच घेऊनही हे सुटत नाही. शांत हवेत, क्षारापेक्षा हवा सात अंश थंड असेल, तर आठ तासांत एका बाजूने चौरस मीटरमागे ढोबळ मानाने आठ-साडेआठ किलोच गोठतो, म्हणजे जेमतेम अर्धा सेंटिमीटर थर. मेणाची उष्णतावाहकता तर फारच कमी, त्यामुळे जाड पाउचचा गाभा तसाच राहतो. पातळ घ्या, पसरून लावा.

हवा थंड, पाउच मोकळा, तरी द्रवच? मग अतिशीतन. क्षार गोठणबिंदूच्या खाली जाऊनही द्रवच राहतो, कारण स्फटिक धरायला त्याला बीज मिळत नाही. म्हणून कॅल्शियम क्लोराइडमध्ये थोडं स्ट्रॉन्शियम क्लोराइड घालतात, ग्लॉबरच्या क्षारात (पाणी धरलेलं सोडियम सल्फेट) टाकणखार. विकत घेताना ‘वितळतो किती अंशांना’ एवढंच विचारू नका, ‘गोठतो किती अंशांना’ हेही विचारा.

तळाशी पांढरा गाळ आणि वर स्वच्छ पाणी दिसलं तर क्षार फाटलाय. हे दुखणं जुनं आहे. १९४८ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या डोव्हर गावी शास्त्रज्ञ मारिया टेल्केस यांनी ग्लॉबरच्या क्षारावर ऊब साठवणारं सौरघर उभं केलं. घराची वास्तुरचना एलेनॉर रेमंड यांची. काही हिवाळे चाललं, मग डब्यांमधल्या क्षाराचे थर वेगळे झाले, डबे गंजून गळू लागले. आजही उभ्या उंच डब्यांपेक्षा आडव्या, पातळ पाउचमध्ये हा त्रास कमी होतो. क्षार पूर्ण वितळवून, हलवून पुन्हा जमतो, पण वारंवार फाटत असेल तर पाउच बदला.

गळतीचं म्हणाल तर कॅल्शियम क्लोराइड हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे सांडलेली जागा वाळतच नाही. आमच्याकडे सीलिंगवर ओला डाग दिसला तेव्हा आधी वरच्या टाकीच्या प्लंबरला बोलावलं. त्याने टाकी तपासली, काही नाही. डाग बोटाने चिकट लागला तेव्हा उलगडा झाला, तोवर वरचं जीआय चॅनेल (सीलिंग धरणारी, जस्त चढवलेली लोखंडी पट्टी) गंजून तांबूस पडलं होतं. मेण गंजवत नाही, पण पेटतं. त्यामुळे ते स्वयंपाकघराच्या छतात नको.