आधी रबर की आधी प्लाय?

आमच्या डोंबिवलीच्या टेबल टेनिस क्लबात नवीन आलेला माणूस महिन्याभरात मला गाठतोच. "ताई, बॅट बदलू का?" मी आधी त्याची बॅट ओल्या स्पंजने पुसते आणि रबराच्या मधोमध अंगठा फिरवते. कडेला अंगठा अडतो आणि मध्ये सुळकन घसरतो, तर ते रबर संपलं. आठवड्यातून तीन-चार दिवस खेळणाऱ्याचं सहा-आठ महिन्यांत संपतंच. मग प्लाय चांगली असेल तर फक्त रबर बदला. प्लाय म्हणजे ब्लेड, बॅटचं नुसतं लाकूड.

पण बॅट दुकानातून तयार मिळालेली असेल, तर तिचं रबर उचकटायच्या भानगडीत पडू नका. मी पडले होते. तिचं रबर बहुधा कायमचं चिकटवलेलं असतं. रबराखालचा अर्धा स्पंज लाकडालाच राहिला आणि हँडलजवळची नखाएवढी ढलपी निघून आली. ती बॅट सरळ कुणा शिकाऊ पोराला द्या आणि प्लाय वेगळी, रबरं वेगळी घ्या.

प्लाय घेताना कार्बनचं नाव ऐकून हुरळू नका. नियमाप्रमाणे प्लायच्या जाडीत किमान ८५ टक्के नैसर्गिक लाकूड लागतंच. मधल्या कार्बनच्या थराने चेंडू जोरात सुटतो खरा, पण ज्याचा पुश, म्हणजे चेंडूखालून हलकेच ढकललेला फटका, अजून नेटमध्ये जातो त्याला त्या जोराचं करायचं काय? पाच थरांची, पूर्ण लाकडाची, ऑलराउंड प्रकारची, ८० ते ९० ग्रॅमची प्लाय घ्या. मी स्टिगाची ऑलराउंड क्लासिक वापरते, सात वर्षं झाली. दुकानात उघड्या प्लायवर चेंडू टप टप उडवून बघा. आवाज जितका टणक आणि बारीक, तितकं लाकूड कडक. आवाज भरीव आला तर चेंडू हाताला कळतो. हँडल खाली रुंद होणारं, म्हणजे फ्लेअर्ड, बहुतेकांना बसतं.

रबराचं नाव सगळे विचारतात, स्पंजची जाडी कुणीच विचारत नाही. माझ्या मते जाडी आधी बघावी. सुरुवातीला फोरहँडला २.० मिलिमीटर, बॅकहँडला १.८. स्पंज जाड असेल तर चेंडू आत रुततो आणि भिरकावला जातो. पातळ असेल तर लाकूड जाणवतं, ब्लॉक (समोरचा जोरात आलेला चेंडू नुसता अडवणं) आणि पुश ताब्यात राहतात. माझ्या दोन्ही बाजूंना यासाकाचं मार्क फाइव्ह आहे. जुनं, साधं रबर. टेनर्जी हे वेगवान रबर चांगलंच आहे, पण ते घेण्याआधी टॉपस्पिनचा, म्हणजे चेंडूला पुढे फिरकी देणाऱ्या फटक्याचा, हात पक्का असू दे. चिनी चिकट रबरं घेणार असाल तर ती जड असतात हे लक्षात ठेवा, मनगट लगेच तक्रार करतं.

या जाडीची एक गोष्ट तर आपल्या मुंबईतलीच. १९५२ची जागतिक स्पर्धा मुंबईत झाली. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंजची बॅट घेऊन आला. तिच्यावर चेंडूचा आवाजच येईना, त्यामुळे समोरच्याला अंदाज लागेना. पुरुष एकेरीचं विजेतेपद तो घेऊन गेला. पुढे १९५९मध्ये जाडीवर मर्यादा आली. आज स्पंज, रबर आणि गोंद धरून ४ मिलिमीटरच्या वर जाता येत नाही.

आता चिकटवणं. पंक्चरचं सोल्युशन किंवा सुताराचा गोंद नको. पाण्यात बनवलेला टीटीचा ग्लूच आणा, कारण सॉल्व्हंटवाले ग्लू २००८पासून स्पर्धेत बंद आहेत. नव्या प्लायला आदल्या रात्री पाण्याच्या वार्निशचा एकच पातळ हात द्या, म्हणजे पुढच्या वेळी रबर काढताना ढलपी निघणार नाही. जुनं रबर काढायचं ते सावकाश, लाकडाला लगटून दुमडत. उरलेला ग्लू अंगठ्याने चोळला की त्याच्या वळ्या होऊन निघतात.

ग्लू दुधासारखा पांढरा असतो. प्लायवर एक हात, स्पंजवर दोन, मध्ये वाळवून. पांढरेपणा पूर्ण जाऊन थर पारदर्शक झाला की वाळला. एरवी वीस मिनिटं पुरतात, पण जुलैत आमच्याकडे तासभर लागतो. घाई केलीत की आत बुडबुडे राहतात आणि त्या जागी चेंडू मेल्यासारखा पडतो. रबराची सरळ कड हँडलच्या वरच्या टोकाला लावा आणि तिथून वर हळूहळू बसवत जा. मी पापडाचं बारीक लाटणं फिरवते. हलक्या हाताने हं, रबर ताणलं तर नंतर आक्रसतं आणि कडेला लाकूड उघडं पडतं. मग जाड पुस्तकांखाली अर्धा तास.

कापायला शिवणाची मोठी, धारदार कात्री. हँडलपासून सुरू करा, प्लायच्या कडेला पातं टेकवून लांब घास घ्या. टोक पूर्ण मिटू देऊ नका. प्रत्येक मिटलेल्या ठिकाणी एक दातरा राहतो. रबराचं नाव आणि मंजुरीचा शिक्का हँडलकडे दिसला पाहिजे, पंच तो बघतात. एक बाजू काळी हवी. दुसरी पूर्वी लालच लागायची, पण २०२१पासून निळा, हिरवा, गुलाबी, जांभळाही चालतो. माझ्या लेकीने लगेच गुलाबी लावलं.

पहिला आठवडाभर चेंडू टेबलाबाहेर जाईल. मॅच न लावता नुसती रॅली करा. जुनं रबर टाकू नका, माझ्या स्वयंपाकघरात त्याचा एक चौकोन आहे, लोणच्याच्या बरणीचं घट्ट झाकण त्यानेच उघडतं.