पोरांना ‘एरिन गो ब्राख’ कसं शिकवाल?

नंदुरबार जिल्ह्यात ९ सप्टेंबर जवळ आला की शाळाशाळांत शिरीषकुमारचं नाव निघतं. ‘नहीं नमशे, नहीं नमशे’ पोरांना तोंडपाठ असतं. त्याच आठवड्यात मी एक तास परदेशी घोषणांना देतो. आयर्लंडची घोषणा घेणार असाल तर माझी रीत अशी.

अर्थापासून सुरुवात करू नका, वर्ग पेंगतो. आधी १९०६ चं अथेन्स सांगा. पीटर ओ’कॉनर लांब उडीत दुसरा आला. आयर्लंडला स्वतःची ऑलिंपिक समिती नव्हती, म्हणून नोंद ब्रिटनच्या खात्यात आणि त्याच्यासाठी चढला युनियन जॅक. गडी सरळ खांबावर चढला आणि वर हिरवा झेंडा फडकवू लागला. त्यावर सोनेरी हार्प आणि ही घोषणा. कोणी त्याला खाली ओढू नये म्हणून कॉन लेही हा दुसरा आयरिश खेळाडू बुंध्याशी राखणीला उभा. इथे जरा थांबा. एखादं पोरगं विचारतंच, “सर, झेंडावर काय लिखेल व्हतं?”

मग अर्थ. एरिन म्हणजे आयर्लंड, ‘गो ब्राख’ म्हणजे कयामतीच्या दिवसापर्यंत. आपल्या जुन्या दानपत्रांत ‘आचंद्रार्क’ येतं, तोच भाव. शेवटचा ख कव्वालीतल्या ‘ख़ुदा’सारखा घशातून घासून काढायला लावा. इंग्रजी वळणात हा ख गळतो. तो उच्चार फळ्यावर देवनागरीत लिहू नका, नववीचा मागचा बाक तास पुढे जाऊ देणार नाही.

उगम विचारला तर १९१६ च्या ईस्टर उठावावर उडी मारू नका. घोषणा त्याहून जुनी. १७९१ मध्ये बेलफास्टला ‘युनायटेड आयरिशमन’ उभी राहिली, प्रोटेस्टंट आणि कॅथलिक एकत्र. त्यांनी १७९८ चं बंड केलं. घोषणा त्या काळातली. पुढे स्थलांतरितांबरोबर ती समुद्रापार गेली. १८४६-४८ च्या युद्धात अमेरिकी सैन्य सोडून मेक्सिकोकडून लढलेल्या आयरिश तुकडीच्या हिरव्या झेंड्यावरही हेच शब्द होते. पकडलेल्यांपैकी अनेकांना १८४७ मध्ये फाशी झाली. सातवीच्या खालच्या वर्गात हे सांगत नाही.

फलक करायचा तर हिरवं मांजरपाट घ्या, हार्प आधी खडूने आखा, मग पिवळा रंग. पोरं हमखास वीणा काढतात; हार्पच्या तारा उभ्या, एवढं बजावा. मोबाईलवर बघून हिरवा-पांढरा-नारिंगी झेंडा रंगवायला निघतील, त्यांना थांबवा. तो १८४८ चा, घोषणेनंतरचा.