टॉपला ब्रेस चिकटवायच्या आधी हवेतला दमटपणा बघा
घरी अकूस्टिक गिटार बनवताना लोक लाकूड कुठलं, ब्रेसिंग कुठलं यावर तासन्तास वाद घालतात पण टॉपला (गिटारच्या पुढच्या पातळ फळीला) आतून ब्रेस (आधाराच्या लाकडी पट्ट्या) चिकटवताना खोलीत ह्युमिडिटी किती आहे हे फार कमी जण बघतात, आणि खरा घोळ तिथेच होतो. लाकूड फुगतं-आकसतं ते ग्रेनला (लाकडातल्या रेषांना) आडवं, लांबीत जवळजवळ नाहीच. टॉप जेमतेम अडीच-तीन मिमीचा, त्याच्या ग्रेनला ब्रेस आडवे-तिरके बसतात, म्हणजे दमट हवेत फुगलेला टॉप तसाच चिकटवला की पुढे कोरड्या हवेत तो आकसायला बघणार, ब्रेस आकसू देणार नाहीत, आणि मग टॉप आत बसतो नाहीतर सरळ चीर जाते.

म्हणून ४० ते ५० टक्के ह्युमिडिटी धरा, टॉप-बॅक-ब्रेस सगळं त्याच हवेत आठवडाभर ठेवा, मगच ग्लू. जरा कमी बाजूला असलं तर माझ्या मते उलट बरंच, कारण नंतर टॉप थोडा फुगून वर आला तर अ‍ॅक्शन (तारांची गिटारच्या मानेपासूनची उंची) वाढते, ती सॅडल (तारा टेकतात ती ब्रिजवरची पट्टी) घासून खाली आणता येते, चिरेचं तसं नाही.

स्वस्त डिजिटल हायग्रोमीटरवर (दमटपणा मोजायच्या मीटरवर) मात्र डोळे झाकून विश्वास नको (सर्रास चुकतात). बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब-थेंब पाणी टाकून फक्त ओलं करा, विरघळवायचं नाही, आणि मीटरसोबत झिपच्या पिशवीत रात्रभर बंद ठेवा. आत ७५ टक्के यायला हवं, ७० दाखवलं तर पुढे प्रत्येक रीडिंगमध्ये ५ मिळवायचे.

खोली कोरडी होतच नसेल तर मोठा झाकणाचा डबा आणि सिलिका जेल, लाकूड त्यात ठेवा आणि क्लॅम्प लावायच्या वेळीच बाहेर काढा.