झिया-उल-हक यांच्यावर लघुप्रबंध लिहायला घेताना

पाकिस्तानचे लष्करशहा जनरल झिया-उल-हक हा विषय निवडणारे बरेच विद्यार्थी शेवटापासून सुरुवात करतात: १७ ऑगस्ट १९८८, बहावलपूर, कोसळलेलं सी-१३० विमान. त्या अपघाताचं गूढ लघुप्रबंधात उकलणार नाही. एक परिच्छेद द्या आणि कायद्यांच्या मूळ मसुद्यांकडे वळा. झियांचा वारसा तिथे आहे.

आधी तारखा पाठ हव्यात. ५ जुलै १९७७ ला सत्ता बळकावली, ९० दिवसांत निवडणुका घेण्याचं वचन दिलं. ४ एप्रिल १९७९ ला पदच्युत पंतप्रधान झुल्फिकार अली भुत्तोंना फाशी. ३० डिसेंबर १९८५ ला मार्शल लॉ उठला. ही शेवटची तारीख नवख्यांच्या हातून हमखास निसटते. हुदूद अध्यादेश (चोरी, व्यभिचार, मद्यपान अशा गुन्ह्यांना इस्लामी शिक्षा लावणारे) फेब्रुवारी १९७९ चे, संसदेशिवाय आलेले. पाकिस्तानी दंडसंहितेतलं ईशनिंदेचं (पैगंबरांच्या अवमानाचं) कलम २९५-सी मात्र १९८६ मध्ये संसदेने संमत केलं. दोन्हींना 'झियांचे अध्यादेश' म्हटलं, की मौखिक परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

याउलट चूक म्हणजे सगळंच झियांच्या खात्यावर मांडणं. अहमदियांना (स्वतःला मुसलमान मानणारा एक पंथ) मुस्लिमेतर ठरवणारी घटनादुरुस्ती १९७४ ची, दारूबंदी १९७७ ची. दोन्ही भुत्तोंच्या काळातल्या. झियांनी १९८४ च्या विसाव्या अध्यादेशाने पुढचं पाऊल टाकलं: अहमदियांनी स्वतःला मुसलमान म्हणवणं हाच गुन्हा झाला. म्हणून प्रत्येक कायद्याची नोंद तीन रकान्यांत करा: आधी काय होतं, झियांनी काय बदललं, आज काय उरलं. भारतीय विद्यार्थ्याची एक सोय आहे. पाकिस्तानची दंडसंहिताही मुळात १८६० चीच. धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचं १९२७ चं २९५-ए आपल्या जुन्या संहितेतही सापडेल. त्यापुढची बी आणि सी फक्त तिकडे.

सर्वांत जास्त वेळ न्यायालयांना द्या. भुत्तोंच्या पत्नी नुसरत भुत्तो यांच्या खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर १९७७ चा निकाल (निकालसंग्रहातला संदर्भ: पीएलडी १९७७ एससी ६५७) सारांशावर भागवू नका, पूर्ण वाचा. 'आवश्यकते'च्या तत्त्वावर (राज्य वाचवण्यासाठी घटनाबाह्य कृतीही क्षम्य, या) उठाव वैध ठरवताना न्यायालयाने घटना बदलण्याचा अधिकारही लष्करप्रमुखाच्या हाती दिला. पुढे मार्च १९८१ मध्ये हंगामी घटना आदेश आला, न्यायाधीशांना नवी शपथ घ्यावी लागली आणि खुद्द सरन्यायाधीश अन्वारुल हक यांनी ती नाकारली. त्यामुळे १९८१ च्या अलीकडचे आणि पलीकडचे निकाल एका तराजूत घालू नयेत. वृत्तपत्रांचंही तेच. ऑक्टोबर १९७९ पासून छापण्याआधी मजकुराची सरकारी तपासणी होती, तेव्हा बातमी नाही याचा अर्थ विरोध नव्हता असा काढू नका.

आकडेही तपासून घ्या. डिसेंबर १९८४ च्या सार्वमतात ९७ टक्क्यांहून अधिक 'हो' पडल्याचं सरकारने जाहीर केलं. पण प्रश्न इस्लामीकरणाला पाठिंबा आहे का, हा होता. 'हो' म्हटलं की झिया ५ वर्षांसाठी राष्ट्राध्यक्ष. प्रश्नाचा मजकूर उद्धृत केल्याशिवाय तो आकडा वापरणं अप्रामाणिक ठरेल.

वारशाच्या प्रकरणात दोन कलमं शेजारी ठेवा. आठव्या घटनादुरुस्तीच्या ५८(२)(ब) ने राष्ट्राध्यक्षाला नॅशनल असेंब्ली (संसदेचं कनिष्ठ सभागृह) बरखास्त करता येई. १९८८, १९९०, १९९३ आणि १९९६ मध्ये तसं झालं. २०१० च्या अठराव्या दुरुस्तीने ते कलम गेलं. पण उमेदवार 'सादिक आणि अमीन' (सत्यवचनी आणि विश्वासू) असावा ही झियांच्या काळातली अट ६२(१)(फ) मध्ये राहिली, आणि जुलै २०१७ मध्ये तिच्याच आधारे पंतप्रधान नवाझ शरीफ अपात्र ठरले. शरीफ यांची राजकीय उभारणी झियांच्याच राजवटीत झाली होती.