भिंतीला रेटा देऊन मिळालेली गतिज ऊर्जा कशी समजावावी

चाकांचे स्केट्स घातलेली मुलगी भिंतीवर दोन्ही तळहात टेकवते, वाकवलेले हात झटक्यात सरळ करते आणि मागे घरंगळत जाते. अकरावीच्या वर्गात हे उदाहरण घेताना सुरुवात भिंतीपासूनच करावी. चाकांचे घर्षण नगण्य धरले, तर मुलीवरचे एकमेव आडवे बाह्य बल भिंतीचे आहे; मग तिची गतिज ऊर्जा भिंतीने केलेल्या कार्यातून आली का? बहुतेक विद्यार्थी होकार देतात, आणि कार्याच्या सूत्रात (बल गुणिले विस्थापन) आकडे घातल्यावर उत्तरही बरोबर येत असल्यामुळे हा गैरसमज सहज टिकून राहतो.

ते आकडे फळ्यावर मांडावेत. मुलीचे वस्तुमान 50 किलोग्रॅम, भिंतीचे सरासरी बल 250 न्यूटन आणि हात सरळ होईपर्यंत तिच्या वस्तुमान केंद्राचे (जिथे सगळे वस्तुमान एकवटले आहे असे मानता येते त्या बिंदूचे) विस्थापन 0.4 मीटर धरल्यास गुणाकार 100 ज्यूल येतो, आणि तेवढ्या गतिज ऊर्जेला वेग सेकंदाला 2 मीटर असतो. मात्र कार्य काढताना विस्थापन घ्यायचे ते बल जिथे लागू होते त्या बिंदूचे. भिंतीचे बल तळहातांवर लागू होते, आणि रेटा संपेपर्यंत तळहात जागचे हलत नाहीत; म्हणून भिंतीने केलेले कार्य शून्य. वरचा गुणाकार हे न्यूटनच्या दुसऱ्या नियमाचेच दुसरे रूप आहे: वस्तुमान केंद्राच्या गतीची ऊर्जा किती वाढली हे तो सांगतो, ती कुठून आली हे सांगत नाही.

ऊर्जा आली स्नायूंमधल्या रासायनिक साठ्यातून. स्नायूंची कार्यक्षमता साधारण पावपट धरली, तर 100 ज्यूलसाठी सुमारे 400 ज्यूल खर्ची पडतात आणि उरलेल्यांची उष्णता होते. विद्यार्थी तरीही साशंक दिसले, तर छोट्या गाडीला स्प्रिंग लावून ती भिंतीशी दाबून सोडावी. स्प्रिंगची ऊर्जा भिंतीची आहे असे सहसा कोणी म्हणत नाही.

भिंत निरुपयोगी आहे, असे मात्र म्हणू देऊ नये. रेटा 0.4 सेकंद टिकतो, म्हणून संवेग (वस्तुमान गुणिले वेग; त्यातली वाढ म्हणजे बल गुणिले वेळ) 250 गुणिले 0.4, म्हणजे 100 किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद, आणि तो सगळा भिंतीच्या बलामुळेच मिळतो. तेवढाच विरुद्ध संवेग पृथ्वीला मिळतो, पण तिचे वस्तुमान इतके प्रचंड आहे की तिच्या वाट्याची गतिज ऊर्जा मोजण्यापलीकडची राहते. म्हणून संवेगाचा आणि ऊर्जेचा हिशेब वहीत वेगवेगळा लिहायला लावावा.

हुशार विद्यार्थ्यांपुढे यानंतर हीच मुलगी सेकंदाला 20 मीटर वेगाने धावणाऱ्या रेल्वेच्या डब्यात ठेवावी आणि तिला मागच्या भिंतीला रेटा देऊन गाडीच्या दिशेने निघू द्यावे. फलाटावरून पाहणाऱ्याच्या दृष्टीने तिचा वेग 20 वरून 22 होतो, म्हणजे गतिज ऊर्जा 10,000 वरून 12,100 ज्यूल. या निरीक्षकासाठी तळहात 0.4 सेकंदात 8 मीटर पुढे जातात, त्यामुळे भिंतीचे कार्य आता शून्य नसून 250 गुणिले 8, म्हणजे 2,000 ज्यूल आहे. वाढ 2,100 ज्यूलची असल्याने उरलेले 100 ज्यूल स्नायूंचे, म्हणजे डब्यात बसलेल्याला दिसतात तेवढेच.