हात मोबाइलकडे जातो तेव्हा

मोबाइल कमी करायचा म्हटलं की बहुतेक जण आधी तास मोजायला बसतात. माझं म्हणणं, तास राहू द्या, हात कधी जातो ते बघा. माझा कंटाळ्यात फारसा जात नाही. ताईशी खटका उडाला किंवा कुणाच्या उत्तराची वाट असली की हमखास जातो. तुमचं वेगळं असेल. काही दिवस फोन उचलताना मनात एवढंच म्हणा: राग, धाकधूक, एकटेपणा, की नुसतीच सवय? मग खुशाल उचला. भावना ओळखता आली की पुढचं सुचतं. ताईवरचा राग रील्स बघून निवत नाही, ताईशीच बोलावं लागतं.

सगळ्यांत चिवट असतं ते वाट बघणं. व्हॉट्सॲपवर नोव्हेंबर २०१४ मध्ये निळ्या टिका आल्या आणि ‘वाचलं, तरी उत्तर नाही’ हा एक नवाच घोर जिवाला लागला. समोरचा गाडी चालवत असेल, स्वयंपाकात असेल. आपण मात्र ‘मी काही चुकीचं बोलले का?’ इथपर्यंत पोचलेलो असतो. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीत जाऊन रीड रिसीट्स बंद करा. मग दुसऱ्यांच्या निळ्या टिकाही आपल्याला दिसत नाहीत, आणि खरा आराम तिथेच आहे. ग्रुपमध्ये त्या दिसतच राहतात. ‘लास्ट सीन’ही तिथेच लपवता येतं. मात्र जवळच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर त्यांच्या मनात भलतंच येतं. आणि खरोखर तातडीचं असेल तर मेसेज न करता सरळ फोन लावा.

मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं होतं, की बक्षीस दरवेळी न मिळता अवचित कधीतरी मिळालं तर सवय जास्त घट्ट होते. नोटिफिकेशनचंही तेच: दहा फालतू, मग एक आपल्या माणसाचं. म्हणून माणसांचे फोन आणि मेसेज तेवढे ठेवून बाकी सगळ्या ॲप्सची नोटिफिकेशन्स बंद करा.

रात्री चार्जर दुसऱ्या खोलीत, उशाशी गजराचं साधं घड्याळ.

सुरुवातीला चुकल्यासारखं वाटेल, ते चालायचंच. पण फोन जवळ नसला की जीव कासावीस होत असेल, झोप किंवा काम बिघडत असेल, तर एकट्याने झुंजत बसू नका. घरात कुणाला तरी सांगा आणि समुपदेशकाची वेळ घ्या.